शेंदराचं बोट

"आणि हे काळं काढायचं नसेल तर?" मंगलगीर बुवांनी विचारलं.

"नाहीच काढणार," निवास म्हणाला.

"मग इथं कशाला आलास, लेका?"

निवास मनगटावरचं काळं घड्याळ फिरवू लागला...

दोन कारखान्यांच्या भिंतींच्या बेचक्यात म्हसोबाचं ठाणं होतं. देव आधीचा, भिंती मागाहून आलेल्या, म्हणून भिंतींनीच तिथं अंग चोरून घेतलं होतं. मंगलगीर गोसावी तिथले राखणदार म्हणा, पुजारी म्हणा. खंडेनवमी होती. ते वाटीत तेल घालून शेंदूर कालवत बसले होते, अगदी सावकाश, भाकरीचं पीठ मळावं तसे.

निवासची कामाची खोली पलीकडच्याच गल्लीत. लोक भारीतली विलायती घड्याळं त्याच्याकडं आणत. तो ती खोलायचा, कडी न् कडी सुटी करायचा, हवा काढून घेतलेल्या मशीनमध्ये टांगायचा आणि त्यांच्यावर काळं कोटिंग चढवायचा. असं चढवायचा की नखानं खरवडलं तर नख झिजेल. पंचक्रोशीत तसा हात दुसरा नव्हता, आणि ही गोष्ट त्याला कुणी सांगावी लागत नव्हती.

सगळी विद्या मात्र रावजीशेठच्या दुकानातली. निवास स्वतःचं काम थाटायला निघाला तेव्हा शेठनं आपल्या मनगटावरचं घड्याळ उतरवून त्याच्या मनगटावर चढवलं होतं. पांढरंशुभ्र पोलाद, डायलवर नावाजलेल्या कंपनीचं नाव. निवासनं काय करावं? तेच घड्याळ खोलून कोळशासारखं काळं केलं. डायलवरचं नावही पुसलं. उरले नुसते दोन काटे.

शेठनं ते पाहिलं आणि आज सकाळी निरोप धाडला. संध्याकाळी दुकानात हत्यारांची पूजा आहे. घड्याळ होतं तसं करून ये. नाहीतर माझा उंबरा चढू नकोस, आजही नको आणि पुढंही नको.

"बाप गेल्यावर त्यांच्याच घरी जेवलोय मी," निवास खालच्या आवाजात म्हणाला. मग मान वर करून म्हणाला, "पण दिलं म्हणजे दिलं. दिलेल्या वस्तूला मागून दोर बांधून ठेवायचा नसतो. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम आहे हे, बुवा. ते खरवडू?"

बुवा शेंदूर कालवत राहिले.

"शेठ म्हणतात, मूळ होतं ते घालवलंस."

"मूळ..." बुवा म्हणाले. आणि त्यांनी मागची एक हकीकत सांगितली. म्हसोबाच्या अंगावर पिढ्यान्‌पिढ्यांचा शेंदूर थापलेला. एका उन्हाळ्यात ते अख्खं कवच तडकलं आणि नारळाच्या करवंटीसारखं गळून पडलं. देवाचं खरं रूप उघडं झालं म्हणून माणसं कामं टाकून धावत आली. बघतात तर काय, ना नाक ना डोळे. नुसता धोंडा.

"म्हणजे मूळ दिसलं की," निवास म्हणाला.

"दिसलं. हात कुणीच जोडले नाहीत."

निवास हसला. त्याला वाटलं, कौल आपल्या बाजूनं लागला. त्यानं मनगट ऐटीत पुढं केलं. "बघा तरी. कुठं सांधा दिसतो का?"

बुवांनी मनगट हातात घेतलं, उजेडाकडं वळवून निरखलं.

"मशिनं पुजलीस आज?"

"पुजली. फुलं वाहिली, कुंकू लावलं."

"आणि हे?"

असं म्हणून बुवांनी बोट वाटीत बुडवलं आणि घड्याळावरून ओढलं. काचेवरून, काळ्या कडेवरून, थेट पट्ट्यापर्यंत. तेलकट, केशरी, जाडजूड फराटा.

निवासनं इंगळी डसावी तसा हात मागं ओढला. रुमाल काढून घासू लागला. शेंदूर कसला निघतोय! तो कड्यांच्या फटींत आणखी आत गेला.

"वाटोळं केलंत, बुवा! विचारायचं तरी होतं!"

"कुणाला?"

"मला. घड्याळ माझं आहे."

बुवांनी बोट धोतराला पुसलं.

"काळं घड्याळ पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा शेठ काय म्हणाला रे?"

निवास घासत होता. हात हळूहळू मंदावला...

"सांग की."

"म्हणाले... विचारायचं तरी होतंस."

रुमाल थांबला. भिंतीपलीकडं कुणीतरी मशीनपुढं नारळ फोडला.



"म्हणजे शेठचं खरं?" निवासनं विचारलं. "उतरवू काळं?"

"मी कुठं म्हटलं?"

"मग माझं खरं?"

"ते तरी कुठं म्हटलं?"

बुवांनी पाठ फिरवली आणि ते देवाला लेप द्यायला बसले. निवासनं घड्याळाकडं पाहिलं. काळ्यावरचा तो फराटा ओबडधोबड होता, वाकडा होता. त्याच्या हातून असा कधी पडला नसता.

त्यानं रुमालाची घडी केली आणि खिशात घातली.

"असाच जातो," तो म्हणाला. "काळं उतरवणार नाही. शेंदूरही पुसणार नाही. उंबरा चढणार. हाकललं तर उंबऱ्यावरच बसून राहीन, पण पूजा चुकवणार नाही. त्यांनी काय करायचं ते करावं."

"आणि शेठनं त्याच्यावर आणखी काही फासलं तर?"

निवासच्या कपाळाला आठी पडली. त्यानं मनगट दुसऱ्या हातानं झाकलं... मग हात काढून घेतला.

"फासू दे."

बुवांनी वाटीतला उरलासुरला शेंदूर तळव्यावर घेतला आणि धोंड्यावर थापला.

"एवढी वर्षं थापतोय मी याला," ते म्हणाले. "विचारायचं तरी होतं, असं एकदा तरी म्हणाला का हा?"