जिन्याखालचं जुनं बटण
घराघरांत शहाणी बटणं येऊ लागली, त्या काळची ही गोष्ट. एका घरात जिन्याचा दिवा वरच्या आणि खालच्या अशा दोन बटणांवर चाले. वायरमनने वरचं काढून तिथे मोबाइलवर चालणारं नवं बसवलं. सगळे त्याचंच कौतुक करू लागले, तसा खालच्या जुन्या बटणाचा जळफळाट झाला.

नवं म्हणालं, "दादा, तुमच्या तारेशिवाय माझं चालत नाही."

"मग बघूच तुझं शहाणपण," म्हणत जुन्याने आपली तार सोडून दिली.

तिन्हीसांजेला इंदूकाकू बाहेरून आल्या. सवयीने त्यांनी जुनंच बटण दाबलं. उजेड पडला नाही.

"तू कधी दगा दिला नव्हतास रे," असं म्हणून त्या भिंत चाचपत अंधारात पायऱ्या चढू लागल्या. जुनं बटण तारेसाठी धडपडलं, पण ती काही हाती लागेना.