म्हशीचं उटणं

जनावरं माणसांसारखी बोलत, तेव्हाची गोष्ट. शेजारच्या गायीचा उजळ रंग बघून काळी म्हैस मनातून झुरायची. एकदा तिने आंबेहळद आणि चंदनाची पूड स्वतःच्याच दुधात कालवली आणि अंगभर चोपडली.

"काय खुललीस गं!" गाय म्हणाली. म्हैस हरखली.

संध्याकाळी भुकेलं रेडकू रेकत आलं. त्याने तिला हुंगलं आणि ते मागे सरलं.

"मावशी, माझी आई दिसली का गं तुला?"

"अरे, मीच तुझी आई!"

"नाही. माझ्या आईला डबक्यातल्या चिखलाचा वास येतो."

म्हैस धावत डबक्यात शिरली. तिने खसाखसा अंग घासलं, पण चंदनाचा वास काही जाईना. काठावर रेडकू एकेका म्हशीला हुंगत हिंडत होतं आणि तिच्या भरल्या कासेतलं दूध पाण्यात ठिबकत होतं.