शेठपुढे धरलेली माती

एका तालमीत एक वृद्ध वस्ताद होते. पन्नास वर्षांत त्यांनी पुष्कळ मल्ल घडवले आणि त्याहून अधिक उपदेश केले. त्यांचा एक शिष्य पहाटे रस्त्याच्या कडेने धावत असताना दुधाचा एक टँकर उलट्या बाजूने आला आणि त्याचा गुडघा चिरडून गेला. मागून सायकलवर येणाऱ्या वस्तादांनी ते डोळ्यांनी पाहिले. दुसऱ्या कोणीच पाहिले नाही.

शिष्याने भरपाईचा दावा लावला. वकील म्हणाले, "साक्षीदार उभा राहिला, तरच दावा उभा राहील."

वस्ताद तीन महिने 'बघू, बघू' म्हणत राहिले. टँकर ज्या शेठचा, त्याच्याकडूनच तालमीतल्या पोरांना फुकट दूध येत होते.

एके सकाळी शेठ स्वतः आला. हातात शाल, पेढे आणि एक कागद.

वस्ताद गंभीर स्वरात म्हणाले, "बाळ, क्रोध माणसाला आतून पोखरतो. क्षमेइतका मोठा डाव कोणत्याही मल्लाला ठाऊक नाही. सही कर, मोकळा हो."

शिष्याने कागद वाचला. 'चूक माझीच होती. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.'

 मग तो चप्पल काढून, कुबडी टेकत कुस्तीच्या हौदात उतरला, कसाबसा वाकला आणि मूठभर लाल माती घेऊन शेठपुढे हात धरला. त्या तालमीचा रिवाज होता: समोरच्याने माती घेतली की कुस्ती ठरली, नाही घेतली तर त्याने मैदान सोडले.

शेठ खो खो हसला. "वस्ताद, पोराच्या डोक्यालाही मार लागलाय का?"

"हा काय पोरखेळ?" वस्ताद कडाडले.

"तुम्हीच शिकवलेला, वस्ताद," शिष्य म्हणाला. "हरलेल्याला उठवून मिठी मारायची, पण कधी? पंचांनी निकाल दिल्यावर. निकाल आधीच ठरवून कुस्ती केली म्हणून दोन पोरांना तुम्ही याच हौदातून हाकललंत. आणि आज माझी कुस्ती तुम्हीच ठरवून बसलात? क्षमा करायची की नाही, ते मी निकालानंतर बघेन. ती माझी आहे. तुम्ही वाटताय ती क्षमा नव्हे, दुधाची किंमत आहे. ती माझ्या गुडघ्यातून कशाला देता? पाहिलंत तेवढं सांगा. एक शब्द जास्त नको."

शेठने हात पाठीमागे नेले. शिष्याने तीच मूठ वस्तादांपुढे धरली.

जोर मारणारी पोरे थांबली. सगळ्यांच्या नजरा म्हाताऱ्यावर. वस्तादांनी मातीकडे पाहिले. कोणी पुढे केलेली माती त्यांनी आयुष्यात नाकारली नव्हती.

शेवटी त्यांनी ओंजळ पुढे केली. माती घेतली, दंडांना चोळली. खाली पाहतच विचारले, "तारीख कधीची?"

"सोमवारी, अकराला."

"एसटीत चढायला तुला वेळ लागेल. साडेसातलाच निघू."

"आणि उद्यापासून पोरांचं दूध?" शेठने विचारले.

"पाणी पिऊनही जोर मारता येतात, शेठ. पेढे तेवढे उचला."

क्षमा मागायला आलेल्याच्या हातात कागद दिसला, तर आधी तो कागद वाचावा.