अक्षतांचं झाड

फार पूर्वी, देवळांना अजून कुलपं लागत नव्हती तेव्हा, टेकडीखालच्या एका गावात दोन जावा नांदत होत्या. थोरली अबोल, व्रतवैकल्यांची. धाकटी बोलकी, चुलीवरच्या दुधाआधी हिचं बोलणं उतू जायचं.

गावात गणपतीचं देऊळ होतं आणि देवळापुढे दूर्वांची हिरवळ. गावात कुणालाही पूजेला दूर्वा लागल्या की तिथूनच खुडायच्या. त्या हिरवळीची राखण या घराकडे होती. शिंपण थोरली करायची, निर्माल्याचं खत पसरायचं तेही तीच.

एका पावसाळ्यानंतर धाकटीला खोकला जडला. वैद्यांचे काढे झाले, आल्याचा रस झाला, छातीला शेकही झाला. खोकला काही जाईना. रात्ररात्र ती उशीला टेकून बसे. हसायला लागली तरी धाप लागायची, म्हणून हळूहळू तिने हसणंच सोडलं. एका सकाळी थोरली देवापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "देवा, हिला मोकळा श्वास दे. मी तुला लाख दूर्वा वाहीन."

लाखोलीचा नेम कडक होता. नेम पुरा होईपर्यंत दूर्वांखेरीज कुठल्याही झाडारोपाला हात लावायचा नाही, मोडायचं नाही, उपटायचं नाही. नेम मोडला तर पहिल्या जुडीपासून पुन्हा.

ज्या पावसाळ्यानंतर खोकला आला, त्याच पावसाळ्यात हिरवळीच्या कोपऱ्यात एक नवखं रोप उगवलं होतं. पानं गाजराच्या पाल्यासारखी कातरलेली. वर बारीक पांढरी फुलं, तांदळाच्या दाण्याएवढी. गावात कुणीच तसं रोप आधी पाहिलेलं नव्हतं. देवळाच्या गुरवकाकांनी ते वाकून पाहिलं आणि हात जोडले.

"देवाच्या अंगणात आपोआप आलंय," ते म्हणाले. "देवानंच अक्षता टाकल्यात म्हणा ना!"

झालं! त्या रोपाचं नाव अक्षतांचं झाड पडलं. बायका त्याला हळदकुंकू वाहू लागल्या. कुणी डहाळी देव्हाऱ्यात ठेवली, कुणी धान्याच्या कणगीत. थोरली रोज सकाळी बायकांनी देवाला वाहिलेल्यातला एक ताजा तुरा आणून धाकटीच्या उशाशी ठेवायची. प्रसाद म्हणून.

दिवस जात राहिले. थोरली उन्हं चढेपर्यंत हिरवळीत वाकून दूर्वा खुडायची, जुड्या बांधायची, देवाला वाहायची. कंबर धरायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची. अक्षतांचं झाड मात्र एकाचं अनेक झालं. ते जिथे पसरे तिथली दूर्वा खुरटायची. मुठीत मावायची जुडी आता कोपरा कोपरा हिंडून गोळा करावी लागे. तिच्या मनगटांवर लाल पुरळ उठली, खाजवून खाजवून कातडी सोलली. ती स्वतःशी म्हणायची, देहाला थोडा त्रास हवाच. त्याशिवाय व्रत कसलं?

लाखोली संपत आली तशी धाकटीच्या माहेरी लग्न निघालं. ती माहेरी गेली. परत आली ती गाल भरून, खणखणीत आवाजात.

"जाऊबाई, जिलब्या खाल्ल्या की हो! एकदासुद्धा खोकले नाही. मांडवात फुगडी घातली मी!"

थोरलीला रडूच फुटलं. देव पावला! आनंदाच्या भरात तिने त्या दिवशी एक तुरा नाही, देवापुढचे ओंजळभर तुरे आणले आणि उशाशी रचले. धाकटी दमून जरा आडवी झाली. दुपार कलायच्या आत ती उठून बसली, छाती धरून. घरघर पार ओसरीपर्यंत ऐकू येत होती.

शेजारीण ताक मागायला आली होती. ती दारातूनच म्हणाली, "बाई बाई! माहेरचा रस्ता दिसला की खोकला पळतो, सासरचा उंबरा दिसला की हजर. खोकलासुद्धा कामचुकार गं!"

थोरलीच्या थकलेल्या मनाला क्षणभर ते खरं वाटून गेलं. एवढ्या दूर्वा खुडल्या मी, कंबर मोडून घेतली. आणि ही?

धाकटीला ते चेहऱ्यावर दिसलंच. ती धापा टाकत म्हणाली, "जाऊबाई, तुम्हालाही वाटतं का हो, मी ढोंग करते?"

तोंड लपवायला म्हणून थोरली उशी झटकायला वाकली. तुऱ्यांमधून बारीक धूळ उडाली. थोरलीला शिंका लागल्या, डोळ्यांतून पाणी आलं, नाक चुरचुरायला लागलं. ती तशीच थांबली. हातातल्या तुऱ्यांकडे पाहिलं. मग सोललेल्या मनगटाकडे पाहिलं.

माहेरी हे झाड नव्हतं.

ती तुरे घेऊन बाहेर गेली. उशीचा अभ्रा धुतला, खोली पुसून काढली. दिवेलागणीला धाकटीचा श्वास खाली बसला होता. पुढचे काही दिवस थोरलीने उशाशी काहीच ठेवलं नाही आणि खिडकीही लावून घेतली. घरघर बरीचशी थांबली. पण वारा देवळाकडून वाहायला लागला की पुन्हा थोडी यायचीच.

थोरली गुरवकाकांकडे गेली. "काका, ते झाड काढावं लागेल."

"अहो, देवाचं झाड ते!"

"कुणी सांगितलं?"

गुरवकाका डोकं खाजवायला लागले. "मीच सांगितलं. पण तेव्हा मला तसंच वाटलं होतं हो!"

"शेळीसुद्धा तोंड लावत नाही त्याला, काका."

"ते काही असो. देवाच्या अक्षता मी तर नाही उपटणार बाई."

दुसरं कुणीही हात लावायला तयार होईना. थोरलीच्या लाखोलीच्या शेवटच्या थोड्याच जुड्या राहिल्या होत्या. नेम राखायचा तर झाड राहणार. झाड काढायचं तर एवढ्या दिवसांची लाखोली पाण्यात. ती गाभाऱ्यापुढे जाऊन बसली आणि म्हणाली, "देवा, श्वासासाठी नेम धरला होता, श्वासासाठीच मोडते. रागवायचं तर माझ्यावर रागव."

भर उन्हात ती उठली आणि फुललेली झाडं उघड्या हातांनी ओढायला लागली. जमीन दगडासारखी झालेली. देठं कटाकट मोडली, मुळं तशीच आत राहिली. फुलांचा भुगा अंगावर, हिरवळीवर सांडला. हात सुजून भाकरीएवढे झाले. तरी तो सगळा भारा तिने अदबीने उचलला. देवाच्या अंगणातलं, ते उकिरड्यावर कसं टाकायचं? तिने तो देवळामागच्या निर्माल्याच्या खड्ड्यात ठेवला, वर दोन फुलं वाहिली आणि नमस्कार केला.

आणि उन्हाळा सरता सरता, दरवर्षीच्या रिवाजाप्रमाणे, त्याच खड्ड्यातलं खत तिने दूर्वांवर पसरलं.

पाऊस पडला. हिरवळीत दूर्वांआधी तीच कातरलेली पानं वर आली. मोडलेल्या बुडख्यांतून आली, नव्या मातीतून आली. मागच्या पावसाळ्यात कोपऱ्यात होती, आता अंगणभर.

"देवाचा कोप!" शेजारीण म्हणाली. "नेम मोडला ना? भोगा!"

थोरलीत आता रडायचीही ताकद नव्हती. ती घरी येऊन भिंतीला टेकली आणि म्हणाली, "हरले गं मी."

धाकटी पदर नाकाला लावून ऐकत होती. तिने विचारलं, "उपटलेलं टाकलंत कुठे?"

"निर्माल्यात."

"आणि निर्माल्य?"

"...दूर्वांवर."

"मग कोप कसला हो जाऊबाई! पाहुण्याला मागच्या दारानं हाकललंत आणि पुढच्या दारानं पंक्तीला बसवलंत. वर दोन फुलंही वाहिलीत!"

किती दिवसांनी थोरलीला हसू आलं. धाकटीलाही आलं, आणि तिला धाप लागली नाही. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"आता अजून फुलं नाहीत, तोवरच काढायची," धाकटी म्हणाली. "माती ओली आहे, मुळं सुटतील. मी येते बरोबर."

"तू घरातच बसायचंस."

"बसते. पण तोंड बंद ठेवणार नाही."

रिपरिप थांबल्यावर थोरली निघाली. हातांना जुन्या लुगड्याच्या जाड पट्ट्या गुंडाळल्या होत्या, नाकातोंडावर पदर बांधला होता. मुळाशी खुरपं घालून, माती सैल करून, एकेक रोप अख्खं उचलायचं. घाई नाही, झटका नाही. भिंतीच्या आडोशाला काही जुनी झाडं फुलावर होती. त्यांच्यावर आधी ओलं फडकं टाकलं, म्हणजे भुगा उडायचा नाही, आणि मग फडक्यासकट पोत्यात घातली. तो सगळा माल हिरवळीपासून लांब, खोल खड्ड्यात, वर मातीचा जाड थर देऊन पुरला. जुन्या निर्माल्याचा खड्डाही तिने तसाच बुजवला. निर्माल्यासाठी नवा खड्डा केला आणि त्याच्यापाशी उभी राहून सांगितलं, "इथे यायचं ते निवडून यायचं."

घरातूनच धाकटीने येणाऱ्याजाणाऱ्याला निर्माल्याची गोष्ट सांगितली, आणि थोरलीला वाकलेली पाहून एकेक बाई पदर खोचून आली. शेवटी शेजारीणही आली. ती दिसेल ते उपटत सुटली.

"अहो, ते कसलं रोप उपटताय?" थोरलीने विचारलं.

"कुणास ठाऊक! ओळखीचं नाही, म्हणूनच तर उपटते."

"थांबा. मागे ओळखीचं नव्हतं म्हणून आपण पुजलं. आता ओळखीचं नाही म्हणून उपटायचं? असू दे ते. फूल यायच्या आत जाणत्याला दाखवू, मग ठरवू."

त्या रोपाभोवती तिने चार खडे मांडले. वाढल्यावर गुरवकाकांनी ओळखलं, तो आघाडा निघाला. गणपतीच्या पत्रीत त्याचा मान असतो. शेजारीण म्हणाली, "तरी मला वाटलंच होतं," आणि सगळ्याजणी हसल्या.

अक्षतांची झाडं काही एका दिवसात संपली नाहीत. मातीत पडलेलं बी उगवतच राहिलं. पण उगवलं की थोरलीच्या नजरेला पडायचं आणि फुलायच्या आत निघायचं. मोकळ्या झालेल्या जागेत दूर्वा पुन्हा सरपटत आली, आधी पिवळट, मग हिरवीगार. धाकटी खिडकी उघडून झोपायला लागली.

एका सकाळी थोरली देवापुढे गेली. "काका, माझी लाखोली?"

गुरवकाकांनी मान खाली घातली. "नेम मोडला होता ना. पहिल्या जुडीपासून धरावी लागेल."

कंबरेला हात देत थोरली हिरवळीच्या कडेला बसली. एवढ्या दूर्वा पुन्हा खुडायच्या. शरीर नको म्हणत होतं. पण जे मागितलं होतं ते तर आधीच मिळालं होतं. आता वाहायचं ते फक्त कृतज्ञतेनं. तिने पहिल्या दूर्वेला हात घातला.

तेवढ्यात शेजारी कुणीतरी येऊन बसलं. धाकटी. एवढं अंगण चालून आली होती आणि श्वास लागला नव्हता.

"सरका थोडं," ती म्हणाली. "यंदा खुडते मी. तुम्ही नुसत्या जुड्या बांधा, आणि ते झाड दिसलं की उपटा. आणि नेम माझा, त्यामुळे बोलायची मुभा ठेवलीय मी!"

तात्पर्य एवढंच: अंगणात असो की मनात, न ओळखता काही पुजू नये आणि न ओळखता उपटूही नये, आणि उपटलंच तर ते नीट पुरावं, नाहीतर आपणच त्याला खतपाणी घालत बसतो.