मल्हारी इंग्रजी शिकतो

एका गावात एक भोळा गिरणीवाला होता. त्याचं नाव मल्हारी. सांगितलेलं तो तंतोतंत करायचा. 'मी येईपर्यंत इथंच थांब' असं आत्या बाजारात म्हणाली आणि विसरून घरी गेली. मल्हारी दुसऱ्या दिवशीही तिथेच उभा सापडला.

त्याचं मन दाजीबा कारकुनांच्या कस्तुरीवर जडलं होतं. कस्तुरीलाही तो आवडायचा, कारण त्याला खोटं बोलताच येत नव्हतं. घोडं अडलं होतं दाजीबांपाशी. जावई चारचौघांत भारी इंग्रजी बोलणारा आणि मुद्देसूद वाद घालणारा हवा, असा त्यांचा हट्ट होता. तरी लेकीच्या सांगण्यावरून त्यांनी मल्हारीला रविवारी पोह्यांना बोलावलं. तो थेट पुराणिक मास्तरांच्या ओसरीवर जाऊन बसला.

"मास्तर, मला रविवारपर्यंत इंग्रजी येऊ द्या."

मास्तर हसले. "सगळं नाही येणार. पण मोठा शब्द शिकवा म्हणशील तर शिकवतो. मॅग्निफिसंट. म्हणजे भव्य, देखणं. नवा शब्द लगेच वापरावा, म्हणजे जिभेवर बसतो."

मल्हारी लगेच वापरायला निघाला. वाटेत शिरपाची कडब्याची गंजी पेटली होती. ज्वाळा आभाळाला भिडल्या होत्या आणि लोक बादल्या घेऊन पळत होते. मल्हारी कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"मॅग्निफिसंट," तो म्हणाला. मग शिरपाला कळावं म्हणून म्हणाला, "म्हणजे फार देखणं."

शिरपाने हातातली बादली गंजीऐवजी त्याच्यावर रिकामी केली.

मल्हारी निथळत मास्तरांकडे आला. मास्तरांनी कपाळाला हात लावला. "अरे, कुणाचं काही जाताना दिसलं की लॅमेंटेबल म्हणावं. म्हणजे शोचनीय. आणि नुसतं म्हणू नये. नुकसान टळत असेल तर टाळावं."

"बरं," मल्हारी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सरपंचांच्या नातवाचं जावळ होतं. पोर मामाच्या मांडीवर बसलं होतं, न्हावी वस्तरा चालवत होता आणि मऊ मऊ केस ताटात पडत होते. पोर टाहो फोडत होतं. पोराचं एवढं जातंय आणि बायका हसतायत, हे बघून मल्हारीला खरंच वाईट वाटलं.

"लॅमेंटेबल," तो म्हणाला आणि त्याने न्हाव्याचा हात धरला. काही केल्या सोडेना. पोराचं अर्धं डोकं गुळगुळीत आणि अर्धं तसंच राहिलं. मुहूर्त टळला. पोराच्या आजीने त्याला लाटणं घेऊन वेशीपर्यंत पळवलं.

मास्तरांनी शब्द बाजूला ठेवले आणि तर्कशास्त्र काढलं. "मल्हारी, दिसलं की बोललं, असं करू नये. कुणी काही म्हणालं की आधी विचारावं, पुरावा काय? याला प्रूफ म्हणतात. पुराव्याशिवाय कुणाचं काही मानायचं नाही."

"बरं," मल्हारी म्हणाला.

त्या संध्याकाळी उद्धव पैलवानाच्या मुलाचं बारसं होतं. पैलवान पाळण्यापाशी मिशीला पीळ देत म्हणाला, "पोरगं अगदी माझ्यावर गेलंय."

"पुरावा काय?" मल्हारीने विचारलं.

बायकांचा पाळणा अर्ध्यावर थांबला. पैलवानाने मल्हारीची गचांडी धरली. "डोकं फिरलंय का तुझं?"

"नाही."

"मार खायचाय का?"

"नको. घुगऱ्या खाईन."

त्याला मारही मिळाला आणि घुगऱ्याही मिळाल्या नाहीत.

मास्तरांनी त्याच्या गालाला हळद लावली. "अरे, ते प्रश्न उत्तरासाठी नसतात. त्यांना रेटॉरिकल क्वेश्चन म्हणतात. कुणी लालबुंद होऊन प्रश्न विचारला की तोंड उघडायचं नाही. नाहीतर आणखी खाशील."

"बरं," मल्हारी म्हणाला. हा धडा त्याला फार पटला. गाल ठणकत होता.

रविवारी तो आत्याला घेऊन दाजीबांकडे गेला. पोहे झाले. दाजीबांनी प्रेमाने विचारलं, "मुलगी पसंत आहे ना?"

मल्हारीने त्यांचा चेहरा नीट न्याहाळला. तो लाल नव्हता. "आहे," तो म्हणाला. आत्याने सुटकेचा श्वास सोडला.

कस्तुरीने मान वर केली. "आबा, मलाही हे पसंत आहेत."

"पुरावा काय?" मल्हारीने विचारलं.

आत्याच्या हातातली बशी कलंडली. पण कस्तुरी खमकी होती. "आमच्या दाराशी गिरणी आहे. तरी मी डोक्यावर डबा घेऊन ओढ्यापलीकडे तुमच्या गिरणीत येते. अजून काय पुरावा हवा?"

"पुरे," मल्हारी म्हणाला. त्याचा आनंद गगनात मावेना. दाजीबाही खूश झाले. त्यांना वाटलं, जावई वकिलासारखा बोलतो. त्यांनी साखर मागवली आणि तेवढ्यात त्यांचे डोळे भरून आले.

"एकुलती एक पोर हो माझी. ही गेली की माझं घर रिकामं होईल."

मल्हारी गंभीर झाला. माणसाचं एवढं जात होतं आणि पुरावा त्याच्या गालांवरून ओघळत होता.

"लॅमेंटेबल," तो म्हणाला. "पण हे नुकसान टाळता येईल. कस्तुरी तुमच्याकडेच राहू द्या."

त्याने दाजीबांना वाकून नमस्कार केला आणि तो उठून चालू लागला. छातीत फार दुखत होतं. पण धडा म्हणजे धडा.

तो मास्तरांना सगळं सांगत होता, तोच कस्तुरी धापा टाकत आली. तिच्या हातात त्याची विसरलेली टोपी होती. संतापाने ती लालबुंद झाली होती. मल्हारीला ती इतकी देखणी कधी दिसली नव्हती.

"मॅग्निफिसंट," तो म्हणाला.

कस्तुरीचे डोळे भरले. पण राग तसाच होता. "मग माझ्याशी लग्न करायचंय की नाही तुम्हाला?"

उत्तर मल्हारीच्या ओठांवर आलं होतं. मास्तर मागून जोरजोरात मान हलवून 'हो म्हण' असं खुणावत होते. मल्हारीने तिच्या लाल चेहऱ्याकडे नीट पाहिलं, ठणकत्या गालावर हात ठेवला आणि तोंड घट्ट मिटून घेतलं.