समज आल्याचा दाखला

'नातीला समज आली असे विश्वस्ताला वाटेल तेव्हा तिचा वाटा द्यावा,' असे साताऱ्याच्या बापूसाहेब खर्शीकरांनी कुटुंबाच्या ट्रस्टमध्ये लिहून ठेवले. विश्वस्त झाले त्यांचे धाकटे चिरंजीव नानासाहेब, आणि त्यांना काही केल्या तसे वाटेना. पुतणी वैजयंती चांगली तिशी ओलांडलेली, गुरांची डॉक्टर. स्वतःच्या दवाखान्यासाठी तिने वाटा मागितला की नानासाहेब म्हणत, "वैजू, तुला अजून समज नाही. आणि कारण सांगायला मी बांधील नाही."

एक दिवस त्यांनीच तिला बोलावले. ट्रस्टची जमीन ते आपल्या मेहुण्याला विकत होते आणि वकील तिच्या संमतीशिवाय पुढे सरकत नव्हता.

"इथे सही कर."

"नानाकाका, मला समज नाही ना? मग माझी सही कोर्टात टिकेल कशी?"

वकिलाने पेनाला टोपण लावले. मेहुणे नानासाहेबांकडे बघू लागले. अखेर वैजयंतीला समज आल्याचे नानासाहेबांनी स्वहस्ते लिहून दिले आणि वकिलाने साक्षीदार म्हणून सही केली. तो कागद पर्समध्ये ठेवून तिने विक्रीचा मसुदा शेवटपर्यंत वाचला.

"आता समज आलीय, काका. या भावात मी सही करणार नाही."