भिंतीकडे तोंड केलेला हूड

अवजारं आपसात बोलत होती आणि माणसांना ती ऐकू येत नव्हती, त्या काळातली गोष्ट. एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये वेल्डिंगचा धूर ओढून बाहेर टाकणारा हूड होता. त्याचं पत्र्याचं तोंड सोपान वेल्डरच्या कामावर झुकलेलं असे.

खंडेनवमीला सगळ्या अवजारांना हळदकुंकू लागलं. मालक केरबाशेठनी देवाच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावली, तर तिचा धूर सरळ हूडमध्ये गेला. "देवाचंसुद्धा खातो मेला," म्हणत त्यांनी त्याचं तोंड भिंतीकडे वळवलं. पूजा झाली, पेढे वाटले. तोंड परत वळवायचं मात्र राहून गेलं.

काम सुरू झाल्यावर ग्राइंडर म्हणाला, "काय हो, नव्या सूनबाईसारखं भिंतीकडे तोंड?"

"वळवलं तिकडे बघतोय," हूड म्हणाला. "पण धूर भिंतीच्या नाही, सोपानच्या नाकात जातो."

सोपान खोकू लागला. "हवा बदललीय, हळदीचं दूध घे," शेठ म्हणाले. दिवाळीपर्यंत त्याला चार पायऱ्या चढताना धाप लागू लागली. "हूड नुसताच घरघरतो," शेठ वैतागले. "उद्या भंगारात द्या."

लक्ष्मीपूजनासाठी त्यांनी तसबीर पुसायला घेतली. फडकं काळं निघालं. शेठनी फडक्याकडे पाहिलं, मग खोकणाऱ्या सोपानकडे, मग हूडकडे. त्यांनी हूड सोपानकडे वळवला आणि उदबत्ती दाराबाहेर खोचली.

"शेवटी देव खोकला वाटतं," ग्राइंडर म्हणाला.